ऑनलाइन दुकान उभारताना: डोमेनपासून वेबहुकपर्यंतची तांत्रिक बाजू

ऑनलाइन दुकान काढायचं ठरलं की बहुतेकांचा वेळ रंग, फोटो आणि होमपेज यांतच जातो. दुकान अडतं ते मात्र भलतीकडेच. पैसे कापले गेले पण ऑर्डर दिसत नाही, शेवटचा उरलेला नग दोघांना विकला गेला, ऑर्डरचा ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडला, साइट खरी असल्याची खात्री देणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत मध्यरात्री संपली आणि सकाळपर्यंत ब्राउझर प्रत्येक ग्राहकाला धोक्याचा इशारा दाखवत राहिला.

या सगळ्याचं मूळ एकच आहे. वेब व्यापारासाठी जन्मलंच नव्हतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत त्याचा प्रस्ताव मांडला, तो शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सहज सापडावी म्हणून. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांसाठी खुलं केलं आणि मग दुकानं आली. मागेल त्याला पान द्यायचं आणि विसरून जायचं, एवढंच त्या रचनेला येत होतं. पान वाटेत हरवलं तर पुन्हा मागायचं, त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. ऑर्डर आणि पैशांच्या बाबतीत हे चालत नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर दोन प्रश्न विचारत चला: ही गोष्ट नेमकी कुठे नोंदली जाते? आणि हा निरोप हरवला किंवा दोनदा आला, तर काय होईल?

तुम्ही स्वतः कोड लिहीत असाल तर हे सगळं करायचं आहे. दुसऱ्याकडून करून घेत असाल किंवा तयार प्लॅटफॉर्म वापरत असाल, तर हे केलंय का ते विचारायचं आहे.

पायरी १: डोमेन आणि डीएनएस

डोमेन, म्हणजे दुकानाचं इंटरनेटवरचं नाव, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यावर डोमेन ठेवलं आणि पुढे त्याच्याशी बिनसलं, तर दुकानाची पाटीच परक्याच्या हातात राहते. घेतल्याबरोबर तीन गोष्टी करा: आपोआप नूतनीकरण चालू करा, डोमेन परस्पर दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणून ट्रान्सफर लॉक लावा आणि रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, खात्याला टू-फॅक्टर लॉगिन बसवा.

नावावरून सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखली. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असत आणि ती फाइल सगळीकडे नकलून न्यावी लागे. आता ग्राहकाचा ब्राउझर रिझॉल्व्हरला (पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरला) विचारतो, रिझॉल्व्हर रूट सर्व्हरला, मग डॉट कॉमसारख्या वरच्या स्तराला आणि शेवटी तुमच्या डोमेनची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला. मिळालेलं उत्तर तो काही काळ स्वतःकडे जपून ठेवतो. किती काळ, ते टीटीएल या आकड्यावर ठरतं आणि हा आकडा सेकंदांत असतो.

सर्व्हर बदलताना इथेच गडबड होते. टीटीएल ८६४०० असेल तर बदल केल्यावरही काही ग्राहक दिवसभर जुन्याच सर्व्हरवर जात राहतात, तिथे ऑर्डरी देतात आणि त्या नव्या डेटाबेसमध्ये येतच नाहीत. बदलाच्या एकदोन दिवस आधी टीटीएल ३०० वर आणा, मग पत्ता बदला, आणि जुना सर्व्हर लगेच बंद न करता त्यावरच्या विनंत्या नव्याकडे वळवा.

डीएनएसमध्येच ईमेलची ओळखही ठेवावी लागते. एसपीएफ सांगतं की या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकेआयएम प्रत्येक मेलवर डिजिटल सही करतं. या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या झाल्या आहेत. तुमचे मेल त्यापेक्षा कितीही कमी असले तरी तिन्ही नोंदी करून ठेवाच. डीमार्क आधी फक्त अहवाल मागवण्यापुरतं ठेवा, आठ-पंधरा दिवस अहवाल वाचा आणि मग कडक करा. थेट कडक केलं तर बिल पाठवणारी आपलीच एखादी सेवा अडवली जाते.

पायरी २: नेटवर्ककडून काय अपेक्षा ठेवायची

इंटरनेटचा पाया असलेल्या टीसीपीची कल्पना विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ च्या शोधनिबंधात मांडली. १ जानेवारी १९८३ ला इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट टीसीपी-आयपीवर गेलं. माहितीचे तुकडे करून पाठवायचे, हरवलेला तुकडा पुन्हा पाठवायचा आणि पलीकडे सगळे क्रमाने जोडायचे, हे काम टीसीपी चोख करतं. पण जोडणी मधेच तुटली, तर शेवटचा निरोप पलीकडे पोचला की नाही हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. पोचला असेल, त्यावर कारवाईही झाली असेल, फक्त उत्तर येता येता हरवलं असेल. हा मुद्दा लक्षात ठेवा, पेमेंटच्या पायरीवर सगळं यावरच येऊन ठेपतं.

दुसरी गोष्ट आयपी पत्त्यांची. जुन्या आयपीव्ही४ मध्ये पत्ते सुमारे ४३० कोटी. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. त्यामुळे मोबाइल नेटवर्कवर असंख्य ग्राहक एकाच पत्त्यामागून येतात. आयपी पत्त्यावरून ग्राहक ओळखू नका आणि एका फसव्या ऑर्डरसाठी अख्खा पत्ता कायमचा बंद करू नका, त्यामागे तुमचेच चांगले ग्राहक असतील.

तिसरी गोष्ट अंतराची. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर एका जाण्यायेण्यालाच किमान १०० मिलिसेकंद लागतात, मग सर्व्हर कितीही महागडा घ्या. पानाचा पहिला अंश येण्याआधी टीसीपीची एक फेरी, माहिती कूटबद्ध करणारं टीएलएस (पुढच्या पायरीत ते येतं) १.२ असेल तर त्याच्या आणखी दोन आणि विनंतीची एक, म्हणजे ४०० मिलिसेकंद नुसत्या प्रवासात जातात. टीएलएस १.३ वापरलं की एक फेरी वाचते. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम; त्याची २०२२ मध्ये प्रमाणित झालेली आवृत्ती एचटीटीपी/३ जोडणी आणि कूटबद्धता एकाच फेरीत उरकते, म्हणून आणखी एक वाचते. होस्टिंग घेताना डिस्क किती जीबी हे सगळे पाहतात. सर्व्हर ग्राहकांच्या किती जवळ आहे, हे आधी पाहावं.

पायरी ३: एचटीटीपीएस

वेबवरच्या पैशांच्या व्यवहारांसाठीच नेटस्केप कंपनीने माहिती कूटबद्ध करून पाठवणारं एसएसएल बनवलं, त्याची २.० ही आवृत्ती १९९५ ची. पुढे त्याचंच टीएलएस झालं: १.० १९९९ मध्ये, १.२ २००८ मध्ये, १.३ २०१८ मध्ये. १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या. टीएलएसच्या आवरणातून जाणारं एचटीटीपी म्हणजेच एचटीटीपीएस. सर्व्हरवर फक्त १.२ आणि १.३ चालू ठेवा.

टीएलएस तीन कामं करतं. वाटेतल्या कुणाला मजकूर वाचता येत नाही, कुणाला तो गुपचूप बदलता येत नाही, आणि समोरचा सर्व्हर त्या डोमेनचाच आहे याची खात्री पटते. बस, एवढंच. दुकानदार प्रामाणिक आहे की नाही हे ते सांगत नाही, आणि सर्व्हरवर पोचल्यानंतर माहितीचं काय होतं याच्याशीही त्याचा संबंध नाही.

सर्टिफिकेट आता फुकट मिळतं. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था ते आपोआप देतात, साधारण ९० दिवसांच्या मुदतीचं. मुदती यापुढे सगळीकडेच आखडत जाणार आहेत: ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या मंचाने २०२५ मध्ये ठरवल्यानुसार कमाल मुदत टप्प्याटप्प्याने उतरत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येईल. हाताने नूतनीकरण करायची सवय आजच मोडा. आपोआप नूतनीकरण बसवा आणि ते फसलं तर कळावं म्हणून मुदतीच्या १४ दिवस आधी वाजणारा वेगळा इशारा ठेवा.

एक तपासणी हमखास राहून जाते. सर्व्हरने आपल्या सर्टिफिकेटसोबत मधल्या संस्थेचंही सर्टिफिकेट पाठवायचं असतं. ते नसलं तरी संगणकावरचा ब्राउझर बऱ्याचदा स्वतःच ते मिळवतो आणि सगळं ठीक दिसतं. पेमेंट गेटवेचा, म्हणजे ग्राहकाचे पैसे घेणाऱ्या सेवेचा, सर्व्हर मात्र अशी जोडणी नाकारतो, आणि पैसे आल्याचे त्याचे निरोप, म्हणजे वेबहुक, का येत नाहीत हे शोधण्यात दिवस जातो. ऑनलाइन मिळणाऱ्या एखाद्या टीएलएस तपासणी साधनावर सर्टिफिकेटची पूर्ण साखळी पाहून घ्या.

साध्या एचटीटीपीवर येणाऱ्याला ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगणारा आकडा) देऊन एचटीटीपीएसवर पाठवा. सगळं आठवडाभर सुरळीत चाललं की एचएसटीएस हेडर लावा (यापुढे फक्त एचटीटीपीएसच वापर, अशी ब्राउझरला उत्तरासोबत जाणारी सूचना), आधी छोट्या मुदतीचा. हा हेडर ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे घाईने सबडोमेनांसकट वर्षाची मुदत दिली आणि एखादं सबडोमेन एचटीटीपीवरच राहिलं असेल, तर ते ग्राहकासाठी बंद झालं म्हणून समजा.

पायरी ४: विनंती आणि उत्तर

इथे नियम थोडेच आहेत, पण मोडले की महागात पडतात. गेट (GET) या विनंतीने फक्त माहिती आणायची, काहीही बदलायचं नाही. कार्टमधून वस्तू काढायची किंवा ऑर्डर रद्द करायची साधी लिंक ठेवली, तर शोध इंजिनांचे बॉट आणि पानं आधीच आणून ठेवणारे प्रोग्रॅम ती लिंक उघडणारच. २००५ मध्ये गूगलचं वेब अ‍ॅक्सेलरेटर आलं तेव्हा नेमकं हेच झालं. पानावरच्या लिंका ते आधीच उघडून ठेवायचं, आणि ज्या साइटवर ‘डिलीट’ची साधी लिंक होती तिथल्या नोंदी उडाल्या. बदल करणारी प्रत्येक कृती पोस्टने (POST), म्हणजे सर्व्हरकडे माहिती धाडणाऱ्या विनंतीने, करा.

पोस्ट झाल्यावर लगेच पान दाखवू नका. ३०३ देऊन ब्राउझरला ऑर्डरच्या पानावर पाठवा. म्हणजे ग्राहकाने रिफ्रेश केलं तरी फॉर्म पुन्हा जात नाही.

सर्व्हरच्या प्रत्येक उत्तरासोबत एक आकडा जातो, तो खरा द्या. काढून टाकलेल्या वस्तूला ४०४ किंवा ४१०, दुरुस्तीसाठी दुकान बंद असेल तर ५०३. ‘काहीतरी चुकलं’ असं पान २०० (सगळं ठीक) या आकड्याने दिलं, तर शोध इंजिन ते तुमचं खरं पान समजून नोंदवतं आणि देखरेखीच्या यंत्रणेलाही सगळं आलबेल वाटतं. या यादीत ४०२ हा आकडा पैसे भरणं आवश्यक आहे असं सांगण्यासाठी अगदी सुरुवातीपासून राखून ठेवलाय, पण त्याचा एकमान्य वापर कधी ठरलाच नाही. वेबला व्यापाराची चाहूल होती, तयारी नव्हती.

पायरी ५: कुकी, सेशन आणि कार्ट

एचटीटीपीला मागची विनंती आठवत नाही. एकाच ग्राहकाने दोन वस्तू टाकल्या, तर सर्व्हरला त्या दोन वेगळ्या ग्राहकांच्या विनंत्या वाटतात. नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये यावर कुकी काढली, आणि ती काढायचं एक मोठं कारण शॉपिंग कार्ट हेच होतं. सामान ठेवल्यावर क्रमांकाचा बिल्ला मिळतो आणि तो दाखवला की सामान परत मिळतं, तशी ही सोय: सर्व्हर एक खूण देतो आणि ब्राउझर दर वेळी ती परत दाखवतो.

कुकीत फक्त खूण ठेवा. लांबलचक, अंदाज न करता येणारा सेशन क्रमांक (ग्राहकाची ती भेट ओळखणारा) कुकीत आणि बाकी सगळं सर्व्हरवर. कुकीला तीन बंधनं लावा: सिक्युअर, म्हणजे ती एचटीटीपीएसवरच जाईल; एचटीटीपीओन्ली, म्हणजे पानावरच्या जावास्क्रिप्टला ती वाचता येणार नाही; आणि सेमसाइट, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत ती जाणार नाही. लॉगिन होताच सेशन क्रमांक बदला.

सेमसाइटचा एक फटका पेमेंटला बसतो. ग्राहक गेटवेच्या पानावर जातो, पैसे भरतो, आणि काही गेटवे त्याला पोस्टने परत पाठवतात. ही विनंती दुसऱ्या साइटवरून आलेली असल्याने सेमसाइट ‘लॅक्स’वर (साध्या लिंकने किंवा रीडायरेक्टने आलेल्याला सूट, पोस्टला नाही) ठेवलेली कुकी सोबत येत नाही. ग्राहकाला दिसतं काय, तर पैसे गेले, आपण लॉगआऊट झालोय आणि कार्ट रिकामं आहे. परतीचं पान लॉगिनवर अवलंबून ठेवू नका. गेटवेने परत दिलेल्या ऑर्डर क्रमांकावरून आणि सहीवरून ऑर्डर शोधा, मग साध्या रीडायरेक्टने ग्राहकाला आपल्या पानावर न्या. तिथे कुकी पुन्हा येते.

कार्टमध्ये वस्तूचा क्रमांक आणि नग एवढंच असावं. किंमत कधीही ब्राउझरकडून घेऊ नका. स्वतः करून पाहा: कार्टचं पान उघडा, एफ१२ दाबून पानाचा कोड पाहा, फॉर्ममध्ये दडवलेला किंमतीचा रकाना सापडला तर त्यात १०० च्या जागी १ लिहा आणि ऑर्डर पाठवा. एका रुपयात ऑर्डर झाली, तर आजच दुकान बंद ठेवून आधी हे दुरुस्त करा. किंमत, सवलत, कर आणि पाठवणीचा खर्च दर वेळी सर्व्हरनेच डेटाबेसमधून काढायचा.

पायरी ६: डेटाबेस

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवणाऱ्या, डेटाबेसची कल्पना मांडली आणि आजही दुकानासाठी मी तिलाच पसंती देईन. कारण ट्रान्झॅक्शन. ऑर्डरची नोंद, तिच्यातल्या वस्तू आणि साठ्यातली घट, ही सगळी कामं एक तर पूर्ण होतात किंवा एकही होत नाही. मधेच वीज गेली तरी अर्धी ऑर्डर मागे राहत नाही.

शेवटच्या नगाचं प्रकरण जवळून बघू. साठ्यात १ नग आहे. पहिल्या ग्राहकाच्या विनंतीने साठा वाचला: १. त्याच क्षणी दुसऱ्याच्या विनंतीनेही वाचला: १. दोघांनाही वाटलं की माल आहे. पहिल्याने ० लिहिलं, दुसऱ्यानेही ० लिहिलं. नोंद अगदी बरोबर दिसते आणि नग मात्र दोघांना विकला गेलाय. एकट्याने चाचणी घेताना हे कधीच दिसणार नाही, गर्दीच्या दिवशी हमखास दिसेल. उपाय सोपा आहे. आधी वाचायचं आणि मग लिहायचं, असं दोनदा न करता डेटाबेसला एकच आज्ञा द्या: साठा किमान १ असेल तरच त्यातून १ वजा कर. मग किती ओळी बदलल्या ते पाहा. शून्य ओळी बदलल्या असतील तर माल संपलाय. ज्याच्या हाती एक ओळ लागली, त्याची ऑर्डर पुढे न्या.

रक्कम अपूर्णांकात साठवू नका. संगणकाच्या फ्लोट प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते आणि महिन्याच्या हिशेबात ती कुठेतरी टोचतेच. सर्वांत लहान एककात पूर्णांक ठेवा. पण सगळीकडे १०० ने गुणायचं हे गृहीत धरू नका: जपानी येनला दशांश स्थळं नाहीत, कुवेती दिनारला तीन आहेत. रकमेसोबत चलनाचा रकाना पहिल्या दिवसापासून हवाच.

ऑर्डरच्या ओळीत वस्तूचं नाव, त्या वेळची किंमत आणि कराचा दर उतरवून ठेवा. फक्त वस्तूचा क्रमांक ठेवला आणि पुढच्या महिन्यात किंमत वाढवली, तर जुनी बिलंसुद्धा वाढलेली दिसतील. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवा. आणि ऑर्डरचं पान दाखवताना ही ऑर्डर याच ग्राहकाची आहे का, हे सर्व्हरवर तपासा. पत्त्याच्या पट्टीत ५०१ च्या जागी ५०२ टाकलं की दुसऱ्याचं नाव, फोन आणि घरचा पत्ता दिसणं ही फार गंभीर चूक आहे, आणि फार सर्रास आढळते.

पायरी ७: पेमेंट

पहिला नियम: कार्डचा क्रमांक तुमच्या सर्व्हरवर येऊच देऊ नका. गेटवेचं स्वतःचं पान किंवा त्याने दिलेले रकाने वापरा. क्रमांक थेट गेटवेकडे जातो आणि तुम्हाला त्याच्या बदल्यात टोकन, म्हणजे एक खूण, मिळतं. कार्ड उद्योगाच्या पीसीआय डीएसएस या सुरक्षा नियमावलीची पहिली आवृत्ती २००४ ची. क्रमांक स्वतः हाताळला तर तिच्या अटींचा डोंगर अंगावर येतो, टोकन वापरलं की त्यातला मोठा भाग टळतो. क्रमांक टाकताना होणारी चूक पकडायला लुन यांचं आकडेमोडीचं सूत्र वापरतात, पण त्याने टायपिंगची चूक तेवढी कळते. कार्ड खरं आहे की नाही, ते कळत नाही.

आता नेटवर्कच्या पायरीवरचा, उत्तर वाटेत हरवण्याचा मुद्दा. ग्राहकाने ‘पैसे भरा’ दाबलं. विनंती तुमच्या सर्व्हरवर आली, सर्व्हरने गेटवेला सांगितलं, गेटवेने पैसे कापले आणि उत्तर परत निघालं. तेवढ्यात ग्राहकाच्या फोनची रेंज गेली. त्याच्या पडद्यावर चक्र फिरतंय. तो थोडा वेळ वाट पाहतो आणि पुन्हा बटण दाबतो. काहीच काळजी घेतली नसेल तर पैसे दोनदा कापले जातात.

बटण दाबल्यावर ते निष्क्रिय करणं चांगलं, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण पान रिफ्रेश होतं आणि बटण पुन्हा जिवंत होतं. खरा उपाय आयडेंपोटन्सी की. चेकआऊट सुरू होतानाच त्या प्रयत्नाला एक एकमेव क्रमांक द्या आणि तो डेटाबेसमध्ये लिहून ठेवा. गेटवेला जाणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत तोच क्रमांक पाठवा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की गेटवे नवा व्यवहार न करता पहिल्याचंच उत्तर परत देतो. स्वतःच्या टेबलातही त्या रकान्यावर ‘युनिक’ हे बंधन घाला, म्हणजे दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तरी डेटाबेस एकीला नाकारेल. विनंती पाठवण्याआधी नोंद करायची, हा क्रम सोडू नका. नंतर नोंदवू म्हटलं आणि मधेच सर्व्हर बंद पडला, तर पैसे गेल्याची खूण कुठेच उरत नाही.

दुसरा नियम: ग्राहक ‘यशस्वी’ पानावर परत आला म्हणजे पैसे आले असं मानू नका. तो पत्ता कुणीही ब्राउझरमध्ये टाइप करू शकतो. उलट पैसे भरून टॅब बंद करणारा प्रामाणिक ग्राहक त्या पानावर कधीच येत नाही. खरी बातमी वेबहुकने येते: गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट कळवतो. ती घेताना चार गोष्टी सांभाळा. सही तपासा, आणि तीही आलेल्या मूळ मजकुरावर, कारण जेसन (निरोपाची माहिती ज्या प्रकारात लिहिलेली असते तो) उलगडून पुन्हा जोडलं की एखादी मोकळी जागा बदलते आणि सही जुळत नाही. रक्कम आणि चलन ऑर्डरशी जुळतंय का ते पाहा. एकच वेबहुक दोनदा येईल असं धरून चाला, त्याचा क्रमांक नोंदवा आणि दुसऱ्यांदा आल्यास काहीही न करता २०० द्या. आणि लांबलचक कामं तिथेच करत बसू नका. निरोप नोंदवा, उत्तर द्या, आणि बिल बनवणं, ईमेल पाठवणं ही कामं रांगेत टाका. उशीर झाला तर गेटवे समजतो की निरोप पोचलाच नाही आणि पुन्हा पाठवतो.

वेबहुक उलट्या क्रमानेही येऊ शकतात, म्हणून ऑर्डरच्या अवस्था ठरवून घ्या: तयार, पैशांच्या प्रतीक्षेत, पैसे मिळाले, पाठवली, पोचली, रद्द, परतावा. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येतं, ते कोडमध्ये लिहा. ‘पैसे मिळाले’ झाल्यावर उशिरा आलेला ‘प्रतीक्षेत’चा निरोप ऑर्डरला मागे नेऊ शकता कामा नये.

वेबहुक आलाच नाही तर? प्रतीक्षेत अडकलेल्या ऑर्डरींसाठी दर काही मिनिटांनी गेटवेला स्थिती विचारणारं काम लावा. आणि रोज एकदा गेटवेचा अहवाल, बँकेत जमा झालेली रक्कम आणि तुमच्या ऑर्डरी यांचा मेळ घाला. हे काम कंटाळवाणं आहे, तरी माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत सर्वांत मोलाचं हेच. वरचं काहीही चुकलं तरी ते इथे दुसऱ्या दिवशी पकडलं जातं. हा मेळ नसेल तर ग्राहक चिडून फोन करतो तेव्हा कळतं.

पायरी ८: सुरक्षा

एसक्यूएल इंजेक्शनपासून, म्हणजे रकान्यात डेटाबेसची आज्ञा घुसवण्यापासून, वाचायला ग्राहकाने लिहिलेला मजकूर आज्ञेत चिकटवू नका, पॅरामीटर म्हणून पाठवा. त्याने लिहिलेला अभिप्राय किंवा पत्ता पानावर दाखवताना एस्केप करा, म्हणजे त्यातली चिन्हं कोड म्हणून चालणार नाहीत अशी बदला, नाहीतर तिथे लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालते. बदल करणाऱ्या फॉर्मला सीएसआरएफ टोकन लावा, म्हणजे दुसरी साइट ग्राहकाच्या नावाने तो फॉर्म पाठवू शकणार नाही. पासवर्ड बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ ने हॅश करूनच, म्हणजे उलटा काढता न येणाऱ्या रूपात, ठेवा.

बाहेरून आणलेल्या स्क्रिप्टवर मात्र थांबून विचार करा. चॅटची खिडकी, आकडेवारी, जाहिरातींचा पिक्सेल, प्रत्येक जण तुमच्या पानावर पूर्ण अधिकाराने वावरतो. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरच्या एका स्क्रिप्टमध्ये चोरांनी काही ओळी घुसवल्या आणि ग्राहक टाइप करत असलेली कार्डांची माहिती थेट त्यांच्याकडे जाऊ लागली. एचटीटीपीएस होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण चोरी ब्राउझरच्या आतच होत होती. चेकआऊटच्या पानावरून अशा सगळ्या स्क्रिप्ट काढा. ज्या राहतील त्यांची यादी ठेवा आणि कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (कोणत्या स्क्रिप्ट चालवायच्या, हे ब्राउझरला सांगणारा हेडर) लावून बाकीच्यांना मज्जाव करा.

पायरी ९: वेग आणि कॅशे

गूगलच्या मापदंडांनुसार पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, क्लिकला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मजकूर उड्या मारण्याचा गुणांक ०.१ च्या आत असावा. दुकानात बहुधा फोटोच आड येतात: योग्य आकाराचे, वेबपी किंवा एव्हीआयएफ प्रकारातले द्या, आणि लांबी-रुंदी कोडमध्ये लिहा म्हणजे पान हलत नाही.

फोटो, सीएसएस (पानाच्या मांडणीची फाइल) आणि स्क्रिप्ट सीडीएनवर, म्हणजे ग्राहकांच्या जवळ ठेवलेल्या सर्व्हरांवर, वर्षभरासाठी कॅशे करा, म्हणजे जपून ठेवा. फाइल बदलली की तिचं नाव बदलेल अशी व्यवस्था ठेवा. कार्ट, खातं आणि चेकआऊट यांना मात्र ‘नो-स्टोअर’ (कुठेही जपून ठेवू नका, ही सूचना) लावा. एकाचं खात्याचं पान सीडीएनने जपून ठेवलं आणि पुढच्या माणसाला दाखवलं, असं प्रत्यक्षात घडतं, आणि ते निस्तरणं फार अवघड जातं.

पायरी १०: उघडण्याआधीची चाचणी

सगळं नीट चालतंय हे पाहण्यापेक्षा बिघाड मुद्दाम घडवून पाहा. गेटवेच्या चाचणी खात्यावर ‘पैसे भरा’ दाबून लगेच वाय-फाय बंद करा, ते परत सुरू करून पुन्हा दाबा. दोन टॅबमध्ये तोच शेवटचा नग एकाच वेळी घ्या. तोच वेबहुक तीनदा पाठवा. ‘यशस्वी’ पानाचा पत्ता हाताने टाइप करा. पैसे भरून टॅब बंद करा. कालचा बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर खरोखर उतरवून बघा आणि त्याला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा, दुकान बंद पडलं तर किमान तेवढा वेळ ते बंद राहणार आहे. लॉग (सर्व्हर आपोआप लिहितो त्या नोंदी) उघडून त्यात कार्ड क्रमांक, पासवर्ड किंवा टोकन छापलं जात नाही ना, ते शोधा.

प्रत्येक चाचणीनंतर पडद्यावर काय दिसलं त्यावर थांबू नका. डेटाबेस उघडा: एका खरेदीची एकच ऑर्डर आहे का, तिच्यासमोर एकच पेमेंट आहे का, साठा नेमका तेवढाच कमी झालाय का. गेटवेच्या खात्यात तीच रक्कम दिसतेय का. हे चारही जुळेपर्यंत दुकानाचा पत्ता कुणालाही देऊ नका.